पासवर्ड दारावर तपासला जातो. आत आल्यावर सेशन कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा: ॲप सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस एकाच खाजगी नेटवर्कमध्ये आहेत, पासवर्ड लांबलचक आहे, लॉगिनसाठी स्क्रॅम (पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचा पुरावा देण्याची पद्धत) वापरलं आहे. तरीही सिक्युरिटी ऑडिटमध्ये ‘डेटाबेस कनेक्शनवर सेशन हायजॅकिंगचा धोका’ असा शेरा आला, म्हणजे चालू सेशन परका माणूस ताब्यात घेऊ शकतो. त्यावर टीममधून दोन सूचना आल्या. एक, पासवर्ड दर आठवड्याला बदलू. दोन, प्रत्येक क्वेरीसोबत आपलं स्वतःचं एक टोकन पाठवू. यातलं काय करावं?

दोन्ही नको, निदान या शेऱ्याचं उत्तर म्हणून तरी नको. पासवर्ड बदलल्यानं चालू सेशनला काहीच होत नाही. आणि क्वेरीसोबत घरगुती टोकन पाठवायचं म्हणजे टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारा आणि समोरच्याची ओळख पटवणारा प्रोटोकॉल) जे काम आधीच करतं तेच पुन्हा, आणि कच्चं, करून ठेवायचं. ऑडिटरचा शेरा मात्र बरोबर आहे. मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणून जी सेटअप्स तपासली त्यांतल्या बहुतेकांत एन्क्रिप्शन चालू होतं. समोरचा सर्व्हर खरंच आपला आहे का, हे विचारणारं कोणी नव्हतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. वेबच्या जगात सेशन हायजॅकिंग म्हटलं की कुकी चोरणं डोळ्यासमोर येतं. डेटाबेसकडे अशी कुकी नसते. तिथे सेशन म्हणजे ते टीसीपी कनेक्शनच. लॉगिन एकदा होतं, आणि त्यानंतर त्या सॉकेटवर (कनेक्शनच्या टोकावर) जे बाइट्स येतील ते सगळे त्याच युजरचे असं सर्व्हर धरून चालतो. ‘तू कोण?’ हा प्रश्न तो पुन्हा विचारत नाही. त्यामुळे हल्लेखोराला पासवर्ड माहीत असण्याची गरजच नाही. लॉगिन पार पडल्यावर त्या वाहिनीत त्याला स्वतःचे बाइट्स घुसवता आले, किंवा मागच्यानं सोडलेली सेशनची अवस्था वारशात मिळाली, किंवा उघडं सॉकेट हाती लागलं, की काम झालं. हे तीन रस्ते वेगळे आहेत आणि प्रत्येकाचा बंदोबस्तही वेगळा आहे.

पहिला रस्ता सर्वांत जुना. टीसीपीचे सुरुवातीचे सीक्वेन्स नंबर (बाइट्सचा क्रम सांगणारे आकडे) ओळखून परक्याच्या नावानं पॅकेट्स घुसवता येतात हे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं. १९९४ च्या नाताळात हॅकर केविन मिटनिकच्या प्रसिद्ध हल्ल्यात हेच तंत्र होतं. पुढे हे नंबर कसे यादृच्छिक ठेवायचे याची शिफारस आली, ऑपरेटिंग सिस्टिम सुधारल्या, आणि हा विषय इतिहासजमा झाला असं सगळ्यांना वाटलं. मग २०१६ मध्ये लिनक्स कर्नलमधली सीव्हीई-२०१६-५६९६ ही त्रुटी उघड झाली (सीव्हीई हा जाहीर त्रुटींना दिला जाणारा क्रमांक). वाहतूक मुळीच दिसत नसलेला, बाजूला बसलेला हल्लेखोरसुद्धा कर्नलच्या उत्तरांच्या मोजणीवरून चालू कनेक्शनचे सीक्वेन्स नंबर ताडू शकत होता, आणि कनेक्शन एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर त्यात डेटाही घुसवू शकत होता. कर्नल ३.६ पासून ती तिथे होती. ४.७ मध्ये दुरुस्त झाली. म्हणून कनेक्शनच्या अखंडतेची जबाबदारी टीसीपीवर सोडू नका. ते त्याचं काम नाही.

प्रत्यक्षात एवढी कसरत कोणी करत नाही, कारण मधोमध बसणं सोपं पडतं. तेच टीमला दाखवण्यासाठी मी एक छोटा प्रॉक्सी, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारा प्रोग्रॅम, लिहून ठेवला आहे, जेमतेम शे-सव्वाशे ओळींचा. त्याची गंमत समजून घेतली तर बाकीचं उत्तर आपोआप उलगडतं.

पोस्टग्रेसचा क्लायंट जोडला जाताना आधी आठ बाइट्सचा एक निरोप पाठवतो: टीएलएस चालेल का? सर्व्हर एकाच बाइटमध्ये उत्तर देतो, ‘एस’ म्हणजे हो, ‘एन’ म्हणजे नाही. हा सवाल-जवाब उघड्यावर होतो, कारण टीएलएस अजून सुरूच झालेलं नसतं. माझा प्रॉक्सी क्लायंटला बेधडक ‘एन’ सांगतो. आता लिबपीक्यूची (पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीची) एसएसएलमोड ही सेटिंग तुम्ही हात न लावता सोडली असेल तर ती ‘प्रिफर’ असते. प्रिफरचा अर्थ मिळालं तर टीएलएस, नाही मिळालं तर तसंच. क्लायंट निमूटपणे साध्या मजकुरावर उतरतो. इशारा नाही, लॉगमध्ये ओळ नाही. प्रॉक्सी दुसऱ्या बाजूला खऱ्या सर्व्हरशी मात्र रीतसर टीएलएस जोडणी करतो. म्हणजे सर्व्हरवर ‘फक्त टीएलएसच घेईन’ असा नियम असला तरी सर्व्हर समाधानी. त्याच्या नजरेत सगळं एन्क्रिप्टेडच आहे.

‘पण आमच्याकडे स्क्रॅम आहे,’ हे वाक्य इथे हमखास येतं. स्क्रॅम उत्तमच आहे. पोस्टग्रेसमध्ये ते दहाव्या आवृत्तीत आलं आणि चौदाव्यापासून पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत झालं. ते पासवर्ड तारेवर जाऊ देत नाही. पण माझ्या प्रॉक्सीला पासवर्ड नकोच आहे. तो स्क्रॅमचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा साधा पोस्टमन होतो. क्लायंटनं पुरावा दिला, सर्व्हरनं मान्य केला, ‘लॉगिन झालं’ असा निरोप आला. त्या क्षणापासून सेशन प्रॉक्सीचं. सर्व्हरकडे जाणाऱ्या वाहिनीत तो हवी ती क्वेरी टाकतो आणि तिचं उत्तर क्लायंटला दिसूच देत नाही. पासवर्ड ३२ अक्षरांचा असो वा ३०० चा, फरक शून्य. प्रात्यक्षिकात मी एवढंच करतो: ॲप आपलं काम करत असतं आणि त्याच कनेक्शनवर, त्याच युजरच्या नावानं, एक नवं टेबल तयार होतं. ते पाहिल्यावर ‘पासवर्ड दर आठवड्याला बदलू’ ही सूचना आपोआप मागे पडते.

प्रिफर सोडून ‘रिक्वायर’ केलं की बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात. रिक्वायर साध्या मजकुरावर उतरत नाही हे खरं, पण समोरच्याचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र) तपासण्याचं बंधनही तो घालत नाही. रूट सर्टिफिकेटची (सही देणाऱ्या प्राधिकरणाच्या सर्टिफिकेटची) फाइल आधीपासून क्लायंटच्या ठरलेल्या जागी असेल तर जुन्या वर्तनाशी मेळ राखण्यासाठी तो सह्यांची साखळी तपासतो; नसेल तर कोणाचंही, आत्ताच स्वतः बनवलेलं सर्टिफिकेटसुद्धा चालतं. आणि अशा खोट्या सर्व्हरनं ‘स्क्रॅम राहू दे, साधा पासवर्डच दे’ म्हटलं तर क्लायंट तो देऊनही टाकतो. पासवर्ड मिळाला की खऱ्या सर्व्हरवर जायला दार मोकळं. ही पळवाट बुजवायला सोळाव्या आवृत्तीपासून लिबपीक्यूमध्ये ‘रिक्वायर-ऑथ’ ही सेटिंग आहे. तीत फक्त स्क्रॅम मान्य असं लिहिता येतं.

पुढची पायरी ‘व्हेरिफाय-सीए’. सर्टिफिकेट ओळखीच्या प्राधिकरणानं दिलेलं आहे का एवढंच ती बघते. ते कोणाच्या नावानं दिलं आहे हे बघत नाही. प्राधिकरण तुमचं स्वतःचं, बंदिस्त असेल तर चालून जाईल. पण क्लाउड कंपनीच्या व्यवस्थापित डेटाबेसवर तुमच्या सर्व्हरला आणि तिथल्याच परक्या ग्राहकाच्या सर्व्हरला बहुतेकदा एकच प्राधिकरण सही देतं. तिथे व्हेरिफाय-सीए म्हणजे ‘ह्याच सोसायटीतलं कोणीतरी आहे ना, मग येऊ दे’.

म्हणून ‘व्हेरिफाय-फुल’. सहीही बघायची आणि सर्टिफिकेटवरचं नाव आपण ज्या होस्टनेमला जोडतोय तेच आहे का हेही बघायचं. मायएसक्यूएलमध्ये याच अर्थाची पातळी ‘व्हेरिफाय-आयडेंटिटी’ या नावानं आहे. तिथली मूळ पातळी ‘प्रिफर्ड’, आणि तिचा स्वभाव पोस्टग्रेसच्या प्रिफरसारखाच. व्हेरिफाय-फुलला सर्वांत जास्त विरोध ‘आम्ही आयपीनं जोडतो, नाव जुळत नाही’ या कारणावरून होतो, आणि मग पातळी खाली उतरवली जाते. त्याची गरज नाही. लिबपीक्यूमध्ये ‘होस्ट’ आणि ‘होस्टॲड्रेस’ अशा दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. जोडणी होस्टॲड्रेसमधल्या आयपीला होते, तपासणी होस्टमधल्या नावावर. दोन्ही द्या, डीएनएसवर (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या व्यवस्थेवर) न विसंबता नाव तपासलं जातं. हे मला कळायला लाजिरवाणी वर्षं लागली.

याच्या जोडीला ‘चॅनल बाइंडिंग’ अनिवार्य करा. क्लायंटकडून हे सक्तीचं करण्याची सोय तेराव्या आवृत्तीपासून आहे. यात सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा हॅश (गणिती ठसा) स्क्रॅमच्या पुराव्यात मिसळला जातो. मधला पोस्टमन स्वतःचं सर्टिफिकेट दाखवत असेल तर क्लायंटच्या आणि सर्व्हरच्या हिशोबात तो हॅश वेगळा निघतो, आणि लॉगिन तिथेच फसतं. मला हा उपाय फार देखणा वाटतो. दारावरची ओळख आणि आतली वाहिनी यांची गाठ मारणारी हीच एक गोष्ट आहे, आणि ती जवळपास कोणीच चालू केलेली नसते.

ही गाठ नसली की काय होतं याचं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरनं अनेक वर्षं दाखवलं. तिथे एन्क्रिप्शन बंद ठेवलं तरी लॉगिनचं पॅकेट तेवढं एन्क्रिप्ट होऊन जायचं आणि पुढची सगळी वाहतूक साधी. पासवर्ड पकडून पाहणाऱ्याला तो दिसायचा नाही, मग ‘सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष. प्रत्यक्षात लॉगिननंतरचं सेशन रस्त्यावर उघडं. मायक्रोसॉफ्टनं हे मूळ वर्तन पुढे बदललं. त्यांच्या डॉटनेट ड्रायव्हरच्या चौथ्या आवृत्तीपासून आणि ओडीबीसीच्या अठराव्यापासून एन्क्रिप्शन आपसूक चालू असतं, आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ मध्ये ‘स्ट्रिक्ट’ ही आणखी कडक पातळी आली. यावर जगानं काय केलं? अपग्रेड केल्यावर सर्टिफिकेटची चूक दिसली, कोणीतरी इंटरनेटवरून ‘ट्रस्ट-सर्व्हर-सर्टिफिकेट चालू करा’ हा उपाय उचलला, चूक गेली, काम पुढे. तपासणीही गेली. नोड-जेएसच्या जगात ‘रिजेक्ट-अनऑथराइज्ड बंद’ ही ओळ अशीच कॉपी-पेस्ट होत फिरते. जावाच्या मायएसक्यूएल ड्रायव्हरमधलं ‘सार्वजनिक की आणायला परवानगी द्या’ हेही त्याच माळेतलं. टीएलएस नसताना ते चालू केलं तर मधला माणूस स्वतःची की पुढे करून पासवर्ड काढून घेऊ शकतो. कोडमध्ये या तीन ओळी शोधा. ऑडिटरनं अजून शोधल्या नसतील तर पुढच्या वेळी शोधेल.

शिवाय ड्रायव्हर बदलला की शब्दांचे अर्थ बदलतात. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये ‘एसएसएल चालू’ एवढं लिहिलं की हल्लीच्या आवृत्त्यांत तो व्हेरिफाय-फुल समजतो. गो भाषेतल्या एका जुन्या, भरपूर वापरात असलेल्या ड्रायव्हरची मूळ पातळी रिक्वायर. लिबपीक्यूची प्रिफर. ओरॅकलच्या नेटिव्ह एन्क्रिप्शनमध्ये तर दोन्ही बाजूंची मूळ सेटिंग ‘ॲक्सेप्टेड’, म्हणजे ‘समोरच्यानं म्हटलं तर माझी ना नाही’. दोघेही असे भिडस्त, त्यामुळे एन्क्रिप्शन होतच नाही. निदान एका बाजूनं ‘रिक्वायर्ड’ म्हणायला हवं, आणि एवढं करूनही समोरच्याची ओळख सर्टिफिकेटनं पटवायची असेल तर टीएलएसकडेच जावं लागतं. तात्पर्य, मूळ सेटिंगवर विसंबू नका. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पातळी शब्दशः लिहा.

आता ‘आमचं नेटवर्क खाजगी आहे’ या मुद्द्याकडे. साध्या लॅनवर एआरपीची (कोणता आयपी कोणत्या मशीनचा हे विचारण्याच्या पद्धतीची) खोटी उत्तरं देऊन मधोमध बसता येतं, ही माहिती नवी नाही. क्लाउडच्या आभासी नेटवर्कवर ती युक्ती सहसा चालत नाही, हेही मान्य. पण मधोमध बसायला तारच लागते असं कुठे आहे? डीएनएसची एक नोंद बदलता आली, लोड बॅलन्सरच्या (जोडण्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्याच्या) मागच्या यादीत एक पत्ता घुसवता आला, तरी पुरतं. २०१२ मध्ये जाहीर झालेली ओरॅकलच्या लिसनरची (येणाऱ्या जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमची) सीव्हीई-२०१२-१६७५ ही त्रुटी याच जातीची. लिसनर कोणाकडूनही ‘मीही याच डेटाबेसचा एक इन्स्टन्स आहे’ अशी नोंदणी स्वीकारायचा. हल्लेखोरानं स्वतःला नोंदवलं की लिसनर स्वतःच काही क्लायंट त्याच्याकडे वळवायचा. एकही पॅकेट चोरावं लागलं नाही. फक्त यादीत नाव घालावं लागलं. नंतर नोंदणी कोणत्या नोडकडून घ्यायची यावर बंधन घालण्याची सोय आली आणि ओरॅकलच्या १२सी आवृत्तीपासून ती आपसूक चालू असते. जुनी लिसनर फाइल तशीच पुढे ओढत आणली असेल तर एकदा उघडून बघा.

सर्व्हरच्या बाजूचं काम त्यामानानं थोडं. कोणाला कसं आत घ्यायचं ते सांगणाऱ्या पोस्टग्रेसच्या एचबीए फाइलमध्ये ‘होस्ट’ ही ओळ टीएलएस आणि साधं दोन्ही घेते. ‘होस्टएसएसएल’ फक्त टीएलएस घेते. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळच लागू होते, हे विसरू नका. खाली कितीही कडक नियम लिहा, वर कोणी तरी कधी काळी ‘तात्पुरती’ टाकलेली होस्टची ओळ शिल्लक असेल तर राज्य तिचंच. मायएसक्यूएलमध्ये ‘रिक्वायर-सिक्युअर-ट्रान्सपोर्ट’ चालू करा. आणि पॅचेस वेळेवर. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोस्टग्रेसनं एक त्रुटी बुजवली, तिच्यात टीएलएस सुरू होण्याच्या आधी तारेवर कोंबलेले बाइट्स सर्व्हर नंतर एन्क्रिप्टेड वाहिनीतूनच आल्यासारखे वाचायचा. सर्टिफिकेटवर लॉगिन घेणाऱ्या सर्व्हरवर त्यातून क्वेरी घुसवता येत होती, म्हणजे सगळं नीट केलेल्यांनाच फटका. सतराव्या आवृत्तीत उघड्यावरचा तो ‘एस’-‘एन’चा सवाल-जवाब टाळून थेट टीएलएसनं सुरुवात करण्याची सोय आहे. दोन्ही बाजू त्या आवृत्तीवर असतील तर वापरा.

एक छोटी पुरवणी: चालू क्वेरी रद्द करण्याचा निरोप पोस्टग्रेसमध्ये वेगळ्या कनेक्शनवरून जातो, आणि मुख्य जोडणी टीएलएस असली तरी जुन्या क्लायंट फंक्शनमधून तो साध्या मजकुरात जायचा, त्यातली गुप्त की फक्त ३२ बिटची. ऐकणारा ती पकडून तुमच्या क्वेऱ्या मारू शकतो, डेटा वाचू शकत नाही. सतराव्या आवृत्तीत एन्क्रिप्टेड वाहिनीवरून रद्द करण्याची फंक्शन्स आली, अठराव्यात लांब की. तुमच्या यादीत हे शेवटी ठेवा.

आता दुसरा रस्ता, पूल, म्हणजे उघडी कनेक्शन्स आळीपाळीनं वापरायला देणारा मधला थर. इथे हल्लेखोराची गरज लागत नाही, आपणच आपलं सेशन परक्याच्या हाती देतो. एका कामात माझ्याकडून झालेली चूक सांगतो. एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकांचा डेटा होता, ओळींच्या पातळीवरची सुरक्षा (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचं धोरण) लावली होती, आणि कोणता ग्राहक बोलतोय हे सेशनमधल्या एका व्हेरिएबलमध्ये आम्ही टाकत होतो. चाचणीत सगळं नीट. मग समोर पीजीबाउन्सर हा पूल आला, ट्रान्झॅक्शन पद्धतीनं. त्या पद्धतीत ट्रान्झॅक्शन संपलं की सर्व्हरचं कनेक्शन लगेच दुसऱ्याला मिळतं, मूळ सेटिंगमध्ये साफसफाईही होत नाही, कारण ती सेशन पद्धतीसाठीच ठेवलेली आहे. आमचा ‘सेट’ (व्हेरिएबलला किंमत देणारी आज्ञा) मागे तसाच राहिला. एका ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच्या ओळी दिसल्या. ना घुसखोरी, ना चोरी, आणि परिणाम मात्र सेशन हायजॅकिंगचाच. आठवडाभर आम्ही बाहेरचा माणूस शोधत होतो.

उपाय एका शब्दाचा होता: ‘सेट’ऐवजी ‘सेट लोकल’, आणि तोही ट्रान्झॅक्शनच्या आत. ट्रान्झॅक्शन संपलं की किंमत आपोआप जाते. दुसरं, व्हेरिएबल रिकामं असेल तर धोरणानं शून्य ओळी द्याव्यात, सगळ्या नव्हे. सेशन पद्धतीच्या पूलमध्ये कनेक्शन परत करताना सेशनची अवस्था पुसणारं ‘डिस्कार्ड ऑल’ चालवा. मायएसक्यूएलमध्ये कनेक्शन रीसेटचा प्रोटोकॉल आदेश आहे, एसक्यूएल सर्व्हरचे ड्रायव्हर हे स्वतःच करतात. जावामधला हिकारी हा पूल ऑटोकमिट, आयसोलेशन, स्कीमा असल्या गोष्टी पूर्ववत करतो, पण तुम्ही हातानं टाकलेली सेशन व्हेरिएबल्स त्याला माहीतच नसतात. पूलच्या दोन बाजू वेगळ्या आहेत हेही ध्यानात ठेवा. पीजीबाउन्सरमध्ये ॲपकडून येणाऱ्या बाजूचं टीएलएस मुळात बंद असतं. डेटाबेसपर्यंतची बाजू कडेकोट आणि ॲपपासून पूलपर्यंतची उघडी, असं चित्र मी अनेकदा पाहिलं आहे. डेटाबेसवर तपासलं तर सगळं हिरवंगार दिसतं.

तिसरा रस्ता मशीनवरचा. ॲप सर्व्हरवर ज्याला त्याच युजरनं कोड चालवता येतो त्याच्यापुढे टीएलएस काय करणार? तो प्रोसेसची मेमरी वाचतो, एन्व्हायर्नमेंटमधला पासवर्ड उचलतो किंवा उघडं सॉकेटच वापरतो. इथे दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्यावर कर्नलची बंधनं, ॲपला स्वतंत्र युजर, आणि डेटाबेसवर त्या युजरला अगदी मोजके हक्क, एवढंच हाती असतं. डेटाबेसच्या मालकाच्या हक्कानं जोडणारं ॲप दिसलं की मी बाकीचं ऑडिट थांबवून आधी ते बदलायला लावतो. आणि फोर्क करणारे (स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस बनवणारे) वेब सर्व्हर वापरत असाल तर डेटाबेसची जोडणी फोर्कच्या नंतर उघडा. आधी उघडली तर दोन प्रोसेस एकाच सॉकेटवर बोलतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडतं. लोकल सॉकेट वापरत असाल तरी निर्धास्त राहू नका. सर्वांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमध्ये सॉकेट असेल आणि खरा सर्व्हर बंद असेल, तर दुसरा कोणी त्या नावानं दुकान मांडू शकतो. पोस्टग्रेसचा क्लायंट ‘रिक्वायर-पीअर’नं समोरची प्रोसेस कोणत्या युजरची आहे ते तपासू शकतो.

आता पासवर्ड रोटेशनकडे वळू. पासवर्ड बदलला, खात्याची मुदत संपवली, लॉगिनचा हक्क काढला, तरी आधीपासून आत असलेलं सेशन चालूच राहतं, कारण या सगळ्या गोष्टी लॉगिनच्या वेळी तपासल्या जातात. मायएसक्यूएलमध्ये तर जागतिक पातळीचे हक्क काढले तरी चालू सेशनला ते लागू होत नाहीत, पुढच्या जोडणीपासून होतात. क्लाउडमधली अल्पजीवी टोकन्सही तशीच. ॲमेझॉनच्या आरडीएसचं आयएएम टोकन १५ मिनिटं चालतं, पण ती १५ मिनिटं जोडण्यासाठी. जोडलेलं कनेक्शन त्यानंतरही जिवंत असतं. म्हणून काही गडबड झाली असा संशय आला तर क्रम असा ठेवा: आधी लॉगिन बंद करा, मग त्या युजरची सगळी सेशन्स तोडा, मग नवा पासवर्ड द्या. पोस्टग्रेसमध्ये बॅकएंड (सेशन चालवणारी प्रोसेस) संपवणारं फंक्शन आहे, मायएसक्यूएलमध्ये ‘किल’. उलटा क्रम केला तर तोडल्या-तोडल्या हल्लेखोर पुन्हा आत.

रोजच्या शिस्तीत कनेक्शनचं आयुष्य मर्यादित ठेवा. हिकारीची मूळ मर्यादा ३० मिनिटं आहे आणि ती ठीक आहे. ‘अमर्याद’ करू नका. मायएसक्यूएल रिकामं पडलेलं सेशन मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, सांभाळतं. एवढा वेळ कशाला? पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं टाकून बसलेल्यांसाठी आणि, चौदाव्या आवृत्तीपासून, नुसत्याच रिकाम्या बसलेल्यांसाठी वेगवेगळ्या वेळमर्यादा आहेत. पूलच्या युजरला दुसरी मर्यादा लावताना मात्र पूलचं आयुष्य तिच्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर मेलेली कनेक्शन्स हातात येतील आणि दोष टीएलएसला जाईल.

टीएलएसच्या किमतीबद्दल नेहमी विचारलं जातं. खर्चिक भाग असतो हँडशेक, म्हणजे जोडतानाची देवाणघेवाण, आणि पूल असताना तो कनेक्शनमागे एकदाच होतो. खरा त्रास सर्टिफिकेटच्या मुदतीचा. ती संपली की व्हेरिफाय-फुलवाले सगळे क्लायंट एकदम बंद पडतात आणि पहाटे तीनला कोणीतरी पातळी प्रिफरवर आणून ठेवतं. ती मग तिथेच राहते. पोस्टग्रेस दहाव्या आवृत्तीपासून नवी सर्टिफिकेट्स रीस्टार्टशिवाय, फक्त रीलोडवर उचलतो, मायएसक्यूएलही ८.०.१६ पासून. मुदतीच्या ३० दिवस आधी इशारा लावा. आणि रूट बदलताना जुनं व नवं दोन्ही काही काळ क्लायंटच्या फाइलमध्ये एकत्र ठेवा.

तुमच्या ठिकाणी मी या क्रमानं गेलो असतो. पहिला आठवडा काहीच न बदलता नुसतं बघायचं: पोस्टग्रेसचा पीजी-स्टॅट-एसएसएल हा व्ह्यू कोणतं सेशन टीएलएसवर आहे ते सांगतो, त्याला चालू सेशन्सच्या यादीशी जोडा आणि साध्या मजकुरावर कोण आहे ते काढा. त्यात ॲप क्वचितच सापडतं. सापडतात बॅकअपची स्क्रिप्ट, मॉनिटरिंगचा एजंट आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवरचं रिपोर्टिंगचं टूल. मग एकेक क्लायंट व्हेरिफाय-फुलवर न्या. सगळे गेले की होस्टच्या ओळी काढून होस्टएसएसएल लावा. हे आधी केलंत तर पहिल्याच दिवशी बॅकअप मोडेल आणि पुन्हा कोणी या विषयाला हात लावू देणार नाही. पण तो व्ह्यू फक्त सर्व्हरची बाजू सांगतो, आणि माझ्या प्रॉक्सीसमोर तोही ‘टीएलएस चालू’ असंच दाखवतो. क्लायंट तपासतोय की नाही, हे क्लायंटला फसवूनच कळतं.

त्यासाठी तो प्रॉक्सी चाचण्यांमध्येच बसवा. प्रत्येक बिल्डमध्ये ॲपला तीनदा चुकीच्या ठिकाणी जोडायला लावा: एकदा ‘एन’ म्हणणाऱ्या सर्व्हरला, एकदा स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट दाखवणाऱ्याला, एकदा सही बरोबर पण नाव दुसऱ्याचं असलेल्याला. तिन्ही वेळा जोडणी फसली तरच बिल्ड पास. आमच्याकडे ही चाचणी पहिल्यांदा चालवली तेव्हा मुख्य ॲप तिन्हींत पास झालं आणि मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) चालवणारी स्क्रिप्ट तिन्हींत नापास. ती स्क्रिप्ट मालकाच्या हक्कानं जोडत होती.